डिंगोऱ्याच्या वाटेवरची खाजकुयली

कल्याणहून माळशेज घाट चढून आळेफाट्याकडे जाणारी एस.टी. घाटमाथ्यावर आली की हवा बदलते. पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी दिसते, मढ मागे पडते आणि ओतूरच्या अलीकडे डिंगोरे लागते. जुन्नर तालुक्यातील हे शेतकऱ्यांचे गाव. रस्त्याला कांदा, टोमॅटो, ऊस, मागे डोंगर. हरिश्चंद्रगडासाठी खिरेश्वरला जाणारे आणि जुन्नरची लेणी पाहायला निघालेले, दोघेही याच रस्त्याने येतात.

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता सुट्टीच्या दिवशी अशी बाहेर पडू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. जुन्नरच्या आसपास दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्रीला पायऱ्या आहेत, गर्दी आहे. पण मानमोडीच्या किंवा तुळजा लेण्यांच्या वाटेला झाडोरा असतो आणि पाऊलवाट सोडली की अंगाला काय लागेल याचा नेम नाही. साप-विंचवाची भीती सगळ्यांना असते. पानाची भीती कोणाला नसते.

एका जानेवारीत आमच्या वस्तीतील दहा-बारा जण डिंगोऱ्याजवळ ओढ्याकाठी जेवायला थांबले होते. कुंपणावर चढलेल्या वेलीला सोनेरी-तपकिरी लव असलेल्या, इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या शेंगा लोंबत होत्या. मखमलीसारख्या दिसल्या म्हणून दोन पोरांनी तोडल्या आणि एकमेकांवर फेकल्या. पाच मिनिटांत दोघे नाचू लागले. मान, हात, पोट लालबुंद झाले. शेजारच्या शेतात कांदा खुरपणारी एक आजी धावत आली. "चोळू नका रं पोरांनो, चोळलं की आत रुततंय! ती कुयली हाय." तिने घरून कणकेचा गोळा आणवला. तो कातडीवर दाबायचा, उचलायचा, पुन्हा दाबायचा. लव कणकेला चिकटून निघाली. मग साबण आणि भरपूर पाणी. तासाभरात पोरे शांत झाली.

आजीने केले ते अगदी शास्त्राला धरून होते. खाजकुयलीच्या लवेत म्युक्युनेन नावाचा पदार्थ असतो आणि सुईसारखा केस कातडीत घुसला की तो खाज उठवतो. चोळले, खाजवले की केस आणखी आत जातात. म्हणून आधी केस काढायचे. कणीक नसेल तर चिकटपट्टी चालते. धुण्याची पाळी त्यानंतर. डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि थेट डॉक्टर गाठावा. जुन्नरला ग्रामीण रुग्णालय आहे. वाळलेल्या शेंगेची लव वाऱ्यानेही उडते, म्हणून दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत अशा वेलीखाली बसूच नये. गंमत म्हणजे याच शेंगेचे बी वैद्य औषधाला वापरतात आणि कंपवातावर उपयोगी पडणारे द्रव्यही त्यात सापडते.

आपले काही नातेवाईक अमेरिकेत आहेत. तिथे रानात, घराच्या अंगणातही पॉयझन आयव्ही नावाची वेल असते. तिचे तेल अंगाला लागले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात. तीन पानांचे दिसले की लांब राहा, असे तिकडच्या मुलांना शिकवतात. आपल्याकडे ही युक्ती कुचकामी. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, बेलाला तीन, पांगाऱ्याला तीन, आणि खाजकुयलीलाही तीनच! आपल्याला शेंग ओळखावी लागेल.

पॉयझन आयव्ही आपल्याकडे उगवत नाही, पण तिचे भाऊबंद आपल्या घरात आहेत. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिच्याच कुळातली झाडे. आंब्याचा चीक ओठाला लागून उतणारी मुले आपण पाहतोच. या सगळ्यांत जहाल बिब्बा. पानझडी रानातले हे झाड. नारिंगी बोंडावर काळे चकचकीत फळ असते. त्याच्या सालीतले काळे तेल कातडी जाळते. परीट पूर्वी याच तेलाने कपड्यांवर खूण करीत. दुसऱ्या महायुद्धात इकडे आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर फोड उठू लागले, तेव्हा शोध घेता कॉलरवरची परटाची खूण सापडली. 'कामात बिब्बा घालणे' हा शब्दप्रयोग उगीच नाही रुळला.

आणि तरीही बिब्बा आपल्या घरातून जात नाही. टाचेत काटा मोडला की बिब्ब्याचा चटका, लचक भरली की बिब्बा, लेकराला दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बिब्बा, गाडीला लिंबू-मिरचीबरोबर बिब्बा. तान्ह्या मुलाच्या कातडीला हे तेल लागले तर फोड, जखम आणि कायमचा डाग. विदर्भ-मराठवाड्यात बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहावेत. आपण डिंकाच्या लाडवात घालतो ती गोडंबी त्या काळ्या पडलेल्या हातांतून येते.

याहून वाईट गोष्ट भानामतीची. अंगावर अचानक काळ्या फुल्या उमटल्या की कोणा तरी बाईवर करणीचा आळ यायचा. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव समजावले की या फुल्या बिब्ब्याच्या तेलाच्या असतात. तेल लागल्यावर फोड उशिरा उठतो, त्यामुळे कोणी, केव्हा लावले ते कळत नाही. एवढेच त्यातले गूढ. २०१३ मध्ये डॉक्टरांचा खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला.

बिब्ब्याचे तेल लागले तर साबण-पाण्याने लगेच धुवावे; जितका उशीर तितके फोड अधिक. कपडे वेगळे धुवावेत, कारण तेल कापडावर राहते आणि दुसऱ्याला लागते. बिब्बा शेकोटीत टाकू नये, धूरही बाधतो. फोड फोडू नयेत, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. औषधाच्या दुकानातून मिळेल ती ट्यूब आणून चोळण्याची सवय मात्र सोडा. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असते आणि चेहऱ्याची कातडी त्याने कायमची बिघडते. फोड तोंडावर, डोळ्यांजवळ किंवा गुप्तांगावर असतील, ताप आला असेल, तर दवाखान्यातच जावे.

राहिले गाजरगवत. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज बांधाबांधावर आहे. त्याने काहींच्या मानेला, कोपराच्या लवणीला, पापण्यांना खरूज उठल्यासारखे चट्टे येतात आणि वर्षानुवर्षे जात नाहीत. सहलीला गेलेल्याला ते एक दिवस बाधेल. खुरपणाऱ्या बाईला रोज. मजुरीवर जाणाऱ्या बहिणींनी लांब बाह्यांचा जुना शर्ट घालावा, उपटताना हाताला पिशवी बांधावी, आणि जमल्यास पांढरी फुले येण्याआधीच ते मुळासकट काढावे. डिंगोऱ्याच्या त्या आजीने डोक्याला फडके गुंडाळले होते आणि हातात जुने पायमोजे चढवले होते. मुलांना ते पाहून हसू आले. आम्ही परतीच्या गाडीसाठी रस्त्याला लागलो तेव्हा ती पुन्हा वाफ्यात वाकली होती.