कोणत्याही कारणासाठी

4 नोव्हेंबर 2024, सोमवार
काल भाऊबीज. वन्सं ओवाळून झाल्यावर म्हणाल्या, "दादा, यंदा ओवाळणी मी घालते. माग काय हवं ते." हे चटकन म्हणाले, "पणजी." सगळे हसले. मी नाही हसले. लग्नानंतर आम्ही पणजीला गेलो होतो. गच्चीवरून पडून ह्यांचं कमरेखालचं सगळं गेलं त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ठाण्याबाहेर पडलो ते फक्त तपासण्यांसाठी.
रात्री वहीत खर्च मांडला. गाडीभाडं, खोली, टॅक्सी, शिवाय ह्यांची देखभाल करायला येणारे ब्युरोचे मामा. त्यांचे दिवसाचे नऊशे, बाहेरगावी बाराशे आणि जेवण. ह्यांना उचलायला दोन माणसं लागतात, त्यामुळे मामांना सोडून जाणं शक्य नाही. बेरीज केली आणि वही मिटून टाकली.

9 नोव्हेंबर, शनिवार
पेपरात बातमी आहे. राजीव रतुरींनी 2005 साली केलेल्या याचिकेवर काल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. इमारती, रस्ते, वाहनं दिव्यांगांना वापरता यावीत म्हणून 2017 च्या नियमावलीत जो पंधरावा नियम होता, तो नुसत्या शिफारशींचा निघाला. न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि बंधनकारक नियम करायला सरकारला तीन महिने दिले.
बातमी ह्यांना वाचून दाखवली आणि पणजीतल्या लॉजना फोन लावायला बसले. सगळ्यांना एकच प्रश्न: बाथरूमचं दार किती इंच? आमची खुर्ची पंचवीस इंचांची. एकाने बावीस सांगितलं, एकाने "नॉर्मल आहे मॅडम." तिसऱ्याने टेप आणून मोजलं. अठ्ठावीस! पण भाडं पहिल्या दोघांच्या दुप्पट. पायरी नसलेली खोली, रुंद दार, धरायला दांडी, हे सगळं महागड्या हॉटेलातच का असतं? दारातल्या त्या सहा इंचांचे पैसे आम्ही मोजायचे.

18 नोव्हेंबर, सोमवार
एका ट्रस्टकडे मदत मागायला गेले होते. तिथले गृहस्थ भले. चहा दिला, कागद बघितले. "उपचार असेल तर करू काहीतरी. सहलीला कसं देणार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टरांकडून 'हवापालट' लिहून आणा. मग बसवता येईल."
घरी येऊन ह्यांना सांगितलं. वाटलं होतं हसतील. म्हणाले, "मी आजारी नाही. मला पणजीला जायचंय."
चिठ्ठी आणायची नाही असं ठरलं. थोडा रागही आला मला. तत्त्वं ह्यांची, हेलपाटे माझे.

3 डिसेंबर, मंगळवार
आज जागतिक दिव्यांग दिन. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा नियम आहे, म्हणून एका कार्यालयात चौकशीला गेले. बाहेर फुगे आणि फलक. आत यादी: साधनं, उपचार, शिक्षण, स्वयंरोजगार. विचारलं, "आणि फिरायला जायचं असेल तर?" टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा वर केला. "कशासाठी?"
उत्तर सुचलं नाही. शेजारचे जोशी दरवर्षी महाबळेश्वरला जातात, त्यांना कोणी विचारतं का, कशासाठी?

11 डिसेंबर, बुधवार
ह्यांचा सवलतीचा दाखला बाहेर काढला. पस्तिशीनंतरचा, कायमच्या अपंगत्वाचा, म्हणजे आयुष्यभर चालणारा. त्यावरून रेल्वेचं फोटो ओळखपत्र केलं होतं ते सापडलं. पुन्हा एकदा नियम वाचला. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थर्ड एसीत 75 टक्के सवलत, सेकंड एसीत 50. एका सोबत्यालाही तेवढीच. सवलत मूळ भाड्यावर, आरक्षणाचे वगैरे पैसे पूर्ण.
हे सगळं माहीत होतं. नजरेतून सुटले होते ते दोन शब्द: कोणत्याही कारणासाठी. काही आजारांच्या सवलती उपचाराच्या प्रवासापुरत्याच असतात. इथे मात्र कारण विचारायचंच नाही असं लिहून ठेवलंय. ते दोन शब्द ह्यांना दोनदा वाचून दाखवले.
मग जमेची बाजू पुन्हा मांडली. आयकरात ऐंशी टक्क्यांवरच्या अपंगत्वाला जुन्या कररचनेत 1,25,000 रुपयांची वजावट मिळते आणि तीही खर्चाची बिलं न मागता. इतकी वर्षं तो वाचलेला कर औषधांच्या डब्यात जायचा. यंदा थोडा पणजीच्या डब्यात. वन्संची ओवाळणी आहेच. चार दिवसांचे तीन केले. जमतंय.

13 डिसेंबर, शुक्रवार
गेल्या महिन्यापासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणून सकाळी आठला मोबाइल घेऊन बसले. 11 फेब्रुवारी, मांडवी एक्स्प्रेस, थर्ड एसी, दिव्यांग कोटा. ह्यांचं नाव भरलं. पुढे रकाना: सोबती.
बोट थांबलं. सवलत एकाच सोबत्याला आणि जाणार आम्ही दोघं, मी आणि मामा. एक सवलतीत, एक पूर्ण भाड्यात. कोणीही कुठेही असलं तरी पैसे तेवढेच. नऊ वर्षं प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक केसपेपरवर त्या रकान्यात माझंच नाव आहे.
मामांचं नाव घातलं. माझं तिकीट वेगळं काढलं.

11 फेब्रुवारी 2025, मंगळवार
ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. मामा आणि एक हमाल, दोघांनी ह्यांना उचललं, मी घडी केलेली खुर्ची आणि पिशव्या घेऊन मागे. सगळे आत चढलो तोवर गाडी हललीसुद्धा.
चिपळूणनंतर टीसी आले. ओळखपत्र पाहिलं, विचारलं, "सोबती?" मामांनी हात वर केला. टीसींनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"
"मी फुल तिकीट."
हे खिडकीकडे तोंड करून हसत होते. रत्नागिरी गेल्यावर मी वरच्या बर्थवर चढले आणि गाढ झोपले. करमळी जवळ आल्यावर मामांनी उठवलं.

12 फेब्रुवारी, बुधवार
पणजी-बेती फेरीबोट. धक्क्याला लागली की पुढची लोखंडी फळी खाली टेकते आणि मोटारी, स्कूटर, माणसं एकाच उतारावरून आत जातात. ती फळी गाड्यांसाठी केलेली. आमची खुर्चीही तिच्यावरून सरळ आत गेली, कोणालाही उचलावं न लागता. पायी येणाऱ्यांना तिकीट नाही. मी सवयीने पर्समधून ओळखपत्र काढून हातात धरलं होतं. कोणी मागितलंच नाही.
मामांनी खुर्चीला ब्रेक लावला. मी पुढच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. पाण्याचा वास येत होता. मागून ह्यांनी हाक मारली, "अगं, पुन्हा जायचं?"
चार वेळा गेलो-आलो.