पुस्तक कुठं ठेवायचीस?

‘बाईनं लिहिलेल्या कुठल्या पुस्तकानं तुला घडवलं?’ असं विचारल्यावर आधी पुस्तकाचं नाव येईल, मग त्यातला एखादा प्रसंग येईल, असं मी धरून चालले होते. पवनानगरात त्या दुपारी आधी आल्या त्या जागा.

“मी एसटीत वाचलं. कामशेतपर्यंत जाताना, येताना. खिडकीकडं तोंड करून.”

“माझं तांदळाच्या डब्यात असायचं.”

“दवाखान्यात. सासूबाईंच्या खाटेखाली चटई टाकली होती मी, तिथं.”

लेखिकेचं नाव त्यानंतर, आणि गोष्ट सगळ्यांत शेवटी. एकीचं झालं, दुसरीचं झालं, तरी क्रम तोच राहिला, तेव्हा मी हातातली तिळाची वडी तशीच धरून ऐकत बसले.

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू होतं. बाजारपेठेतल्या एका दुकानावरची खोली. बोलावणं करणाऱ्या बाई इथल्या शाळेत शिकवतात. त्यांनी या वर्षी प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी पुस्तकं वाण म्हणून द्यायची ठरवली होती, तीही फक्त बायकांनी लिहिलेली. कुंकू सगळ्यांनाच, नवरा असो नसो. ते कुणी बोलून दाखवलं नाही, करंडा नुसता फिरत गेला. वार मधला निवडला होता, कारण शनिवार-रविवारी धरणाकाठी तंबू लागतात आणि निम्म्याअधिक जणींच्या चुली त्या तंबूंसाठीच पेटलेल्या असतात. भात घरात आलेलं, खाचरांत हरभरा. खिडकीतून तिकोना दिसत होता.

कॉलेजात जाणारी एक मुलगी सगळ्यांत आधी उत्साहानं म्हणाली, “पवनाकाठचा धोंडी!” तुंगच्या हवालदाराची गोष्ट, गोनीदांची, १९५५ सालची. या खोऱ्याला मिळालेली कादंबरी. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं, “बाईनं लिहिलेलं सांगायचंय.” मुलगी गप्प झाली आणि विचारात पडली. तिचं ते विचारात पडणं मला आवडलं. आपल्या नदीवर बाईनं काय लिहिलंय, हा प्रश्न तिला बहुधा पहिल्यांदाच पडला असावा.

तांदळाच्या डब्यातलं पुस्तक होतं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. चार भागांत, १९३४ ते १९३७ या काळात आलेलं. त्यातला शेवटचा भाग छापून आला तेव्हा लक्ष्मीबाई नव्हत्या. या बाईनं शाळेत त्यातला धडा वाचला होता, आणि लग्नानंतर अख्खं पुस्तक हाती पडलं तेव्हा ते लपवावं लागलं. मी विचारलं, कुणी मनाई केली होती का? “नाय हो, मनाई कोण करतंय! पण पुस्तक हातात दिसलं की म्हणायचे, हिला काम नाय वाटतं.” सगळ्याजणी हसल्या, कारण हे वाक्य प्रत्येकीच्या घरात राहायला होतं. बाई पाय मोडून बसलेली दिसली की घराला काम सुचतं. निवडणं-टिपणं करत बसलेली चालते, शिवत बसलेली चालते, पोथी वाचत बसलेली तर कौतुकाची. पण नुसतंच वाचणारी, मध्येच स्वतःशी हसणारी बाई घराला अस्वस्थ करते. ती इथं नाही, हे घराला बरोबर कळतं.

आणि लक्ष्मीबाईंना वाचताना हसू दाबणं अवघडच. सोवळ्यापायी बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील, नवऱ्याचं न सांगता निघून जाणं, १८९५मध्ये त्याचं ख्रिस्ती होणं, मग पाच वर्षांनी तिचं स्वतःचं. एवढं सगळं सोसलेली बाई कुठं हात उगारत नाही, कुणाला माफही केल्यासारखं दाखवत नाही. बाजूला बसून सांगते. मराठी गद्यात मला याहून जिवंत काही भेटलेलं नाही. मोठमोठ्या शैलीदार लेखकांची पानं या चार भागांपुढं मला इस्त्री केलेली वाटतात.

दवाखान्यात खाटेखालच्या चटईवर वाचलेलं पुस्तक बेबी कांबळे यांचं होतं, ‘जिणं आमुचं’. नाव ऐकलं आणि माझं मन पवनेवरून थेट फलटणला गेलं. त्यानंतर खोलीत कोण काय बोललं ते मला नीट आठवत नाही.

फलटणच्या बेबीताईंच्या त्या छोट्या किराणा दुकानाबद्दल मी अनेकदा विचार केला आहे. तेराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी. नवऱ्याला काम नाही, म्हणून तिनं किरकोळ विक्री सुरू केली. दुकान हळूहळू उभं राहिलं. पुड्या बांधायला रद्दी आणावी लागे. ती रद्दी ती वाचायची. विचार करा, साखर तोलायची, कागद पसरायचा, आणि पुडी बांधायच्या आधी जेवढ्या ओळी डोळ्यांत घेता येतील तेवढ्या घ्यायच्या. बातमीचा शेवट गिऱ्हाइकाच्या पिशवीतून निघून गेलेला. पुढं ती वाचनालयातून पुस्तकं आणू लागली. घरातलं कुणी आलं की तीही रद्दीखाली जायची. मग लिहू लागली. आणि ते लिहिणं तिनं वीस वर्षं लपवलं. वीस वर्षं! आपण एखादा लेख लिहिला तर संध्याकाळपर्यंत चार जणांना वाचून दाखवतो. या बाईनं वह्या घराच्या अशा कोपऱ्यात ठेवल्या, जिथं कुणाचा हात जाणार नाही.

फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या अमेरिकेतल्या मॅक्सीन बर्नसन यांना त्या लेखनाचा पत्ता लागला. हे छापायला हवं, असं त्यांनी बेबीताईंना पटवलं. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकात क्रमानं आलं, १९८६ साली पुस्तक झालं, आणि २००८मध्ये माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेलं. इंग्रजी आवृत्तीत त्यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखत आहे. पुस्तक वाचलेल्या माणसानं ती जरूर वाचावी, कारण घरात स्वतः खाल्लेला मार बेबीताईंनी पुस्तकात जवळजवळ येऊ दिलेला नाही. तो त्या मुलाखतीत, विचारल्यावर सांगतात. पुस्तकात आहे तो महारवाडा, आषाढातले देवदेव, अंगात येणं, अर्धपोटी बाळंतिणी, आणि सासरहून पळून आलेल्या पोरसवदा सुनेच्या पायात घातलेला लाकडाचा खोडा. आणि आहेत बाबासाहेबांचं ऐकून मुलांना शाळेत घालणाऱ्या बाया. स्वतःचं दुःख बाजूला सारून वस्तीचं लिहिणारी ही बाई ते वस्तीचं दुःख घरच्यांच्या डोळ्याआड लिहीत होती. मी जेव्हा जेव्हा किराणा दुकानात कागदाची पुडी बघते, तेव्हा तिच्यावर काय छापलंय ते वाचते. ही सवय मला त्या पुस्तकानं लावली.

लपवण्याचा हा वंश जुना आहे आणि आपल्यापुरता नाही. बंगालात राससुंदरी देवींनी ‘चैतन्य भागवता’चं एक पान पोथीतून काढून स्वयंपाकघरात दडवलं आणि मुलानं ताडपत्रावर गिरवलेल्या अक्षरांशी ते ताडून बघत त्या वाचायला शिकल्या. त्यांचं आत्मचरित्र १८७६ साली छापलं गेलं. आपल्याकडं १९३३मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा लेखिकेनं लपवलं ते स्वतःचं नावच. विभावरी शिरूरकर कोण, यावर महाराष्ट्र तर्क लढवत राहिला, आणि मालतीबाई बेडेकर गप्प राहिल्या. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं आणि देहातलं बोलायला तेवढा आडोसा लागला. त्यांचं ‘बळी’ मला त्याहूनही थोर वाटतं. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडलं होतं, सोलापूरच्या त्या वसाहतीत काम करून त्यांनी ते लिहिलं. ते फार कमी जणांनी वाचलंय, याचं मला वाईट वाटतं.

खोलीत परत आले तेव्हा एसटीतल्या बाई उर्मिला पवारांच्या ‘आयदान’बद्दल सांगत होत्या. त्या पुस्तकातल्या कोकणातल्या बायका डोंगर उतरून बाजारात सामान विकायला जातात; या रोज कामशेतला जायच्या. पुस्तक मांडीवर पालथं, मुखपृष्ठ खाली. “आणि भेंडी निवडावी तसं वाचायचे,” त्या म्हणाल्या, “एक एक.” शाळेतल्या बाईंनी स्वतःचं म्हणून ‘तोत्तोचान’ सांगितलं, तेत्सुको कुरोयानागींचं. आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोक्योतली शाळा. त्यांनी ते नोकरीच्या पहिल्या वर्षात, वर्गात मुलं गणितं सोडवत असताना टेबलाच्या खणात उघडं ठेवून वाचलं होतं. खणसुद्धा जागाच.

मला वाचनालयांबद्दल एक गोष्ट कधीपासून म्हणायची आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि त्यामुळं गावोगावी ग्रंथालयं उभी राहिली, ही फार मोठी गोष्ट आहे. पण मी पाहिलेल्या कितीतरी ग्रंथालयांच्या दारावर संध्याकाळची वेळ असते, पाच ते आठ. गावात त्या वेळेला बाईच्या हातात पीठ असतं. दुपारी दोन ते चार दार उघडं ठेवा, आणि वहीत कुणाची नावं चढतात ते बघा.

आणि आजी. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण त्यांना वाचता येत नाही हे सगळ्यांना माहीत. त्यांनीच विचारलं, “बाईनं केलेलं म्हंजी लिहिलेलंच पायजे का?” आणि उत्तराची वाट न बघता जागा सांगायला लागल्या. ओटीवर, दारातून आत शिरल्यावर उजव्या हाताला जातं. त्याच्या वर खिळा, खिळ्याला कंदील. समोर आत्या बसायची. तिनं एक ओवी म्हटली की दुसरी मी घ्यायची. सीतेच्या म्हणायची ती, आणि भावाच्या. रडायची ती सीतेच्या ओव्यांना, असं आम्हांला वाटायचं.

ते घर, ती ओटी, तो खिळा आता पवनेच्या पाण्याखाली आहे. १९७२च्या सुमाराला धरण पुरं झालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. घरं तशी वर येत नाहीत. पण आत्याच्या ओव्या आजींच्या तोंडी जशाच्या तशा होत्या.

अशा ओव्या पुणे जिल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यातूनच गोळा व्हायला सुरुवात झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे दोघं १९८०च्या दशकात इकडच्या डोंगराळ गावांतल्या बायांबरोबर काम करत होते. त्या कामातून दळणाची गाणी लिहून घेणं, मुद्रित करणं सुरू झालं आणि महाराष्ट्रभर पसरत गेलं. एक लाखाहून अधिक ओव्या. आज ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. मला त्यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की ओवीसोबत म्हणणारीचं नाव आहे आणि तिचं गावही. ‘पारंपरिक’ असं लिहून बाईला पुसून टाकलेलं नाही. ताराबाई भवाळकरांनी आयुष्यभर हेच सांगितलं, की या ओव्या म्हणजे बायांचा विचार आहे. २०२५ साली दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. या पदावर पोचलेल्या त्या सहाव्या बाई. कुसुमावती, दुर्गाबाई, शांताबाई, विजयाबाई, अरुणाताई, ताराबाई. संमेलनं शंभराच्या घरात चाललीत आणि बायकांची नावं एका श्वासात संपतात.

एक खानावळवाल्या ताई बराच वेळ चुळबुळत होत्या. शेवटी म्हणाल्या, “रुचिरा चालंल का?”

“ते साहित्य नाही ना,” शाळेतल्या बाई मायेनं म्हणाल्या. मी मात्र जोरात म्हटलं, का नाही? चौथीपर्यंत शिकलेल्या सांगलीच्या कमलाबाई ओगले. १९७० साली त्यांचं पुस्तक आलं, आणि वाटी-चमच्याच्या मापानं त्यांनी स्वयंपाक अशा कितीतरी मुलींच्या हाती दिला, ज्यांच्याजवळ शिकवायला आई नव्हती, सासू तयार नव्हती. ताईंचंही तेच होतं. “आई लवकर गेली. मला वरणाला फोडणी त्या बाईनं शिकवली. माझी खानावळ त्यांचीच म्हणा ना.” आणि एक गोष्ट त्यांनी अभिमानानं सांगितली, की हे पुस्तक त्यांना कधी लपवावं लागलं नाही. ओट्यावर उघडं असायचं, तेलाच्या बाटलीला टेकवून.

मुलीला पिटाळून त्यांनी ते आणवलं. पानं हळदीनं पिवळी, काही चिकटलेली. आणि समासात त्यांचं स्वतःचं अक्षर. ‘मीठ जास्त.’ ‘वीस माणसांना चौपट, पण मोहन चौपट नाही.’ भाताच्या पानावर लिहिलं होतं, ‘इंद्रायणी नवा असंल तर पाणी अर्धी वाटी कमी.’ ते एकीनं मोठ्यानं वाचलं आणि दुसरी म्हणाली, अर्धी कशाला, पाव कमी केलं तरी पुरे, अर्ध्यानं शितं फडफडीत होतात. तिसरी म्हणाली, तांदूळ कुठल्या खाचरातला त्यावर आहे, वरकसचा असेल तर पुरं पाणी लागतं. आजी म्हणाल्या, इंद्रायणी काय घेऊन बसलात, आंबेमोहराचं बोला. मग कुणी कुणाला ऐकेना.