तंबूतला स्टोव्ह

मागच्या आठवड्यात पुतण्याच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. तिची नऊ जणांची टोळी डिसेंबरात आपल्या वऱ्हाडात येतेय. पहिली रात्र परतवाड्याजवळ ओळखीच्यांच्या शेतात आणि पुढच्या दोन चिखलदऱ्याला, तंबू ठोकून! मागून तिनं मोबाईलवर तीन स्टोव्हचे फोटो पाठवले आणि खाली विचारलं, "आजी, यातला कोणता घेऊ?"

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण शाळेतलं गाईडचं पथकही बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्यामुळे उघड्यावरच्या स्वयंपाकाचा विषय निघाला की आमच्या घराण्यात सगळे माझ्याकडे बघतात. मी तिला स्टोव्हचं नाव सांगण्याआधी उलट विचारलं, की बाई, शिजवणार काय, इंधन आणणार कुठून, आणि स्टोव्हजवळ बसणार कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे थोडीफार होती. तिसऱ्याला ती म्हणाली, "कोणीही बसेल गं, त्यात काय!"

त्यात काय, हेच सांगायला आज बसले आहे.

तिच्या फोटोंतला एक स्टोव्ह बघून मला हसूच आलं. पितळेचा, पंपाचा, आमच्या मागच्या खोलीत होता तस्साच! आता तो म्हणे 'जुन्या घाटाचा' म्हणून चढ्या भावानं विकतात. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थांनी हा प्रायमस स्टोव्ह काढला. १९११ साली अमुंडसेनची तुकडी दक्षिण ध्रुवावर पोचली ती असाच स्टोव्ह घेऊन, आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तो होता. आम्ही मात्र त्यावर रोज पोहे आणि आंघोळीचं पाणी करत होतो, आणि त्याचं आम्हाला काही कौतुक नव्हतं. स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरला लावायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा, मग पंप मारायचा. टाकीतलं रॉकेल हवेच्या दाबानं वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि निपलच्या बारीक भोकातून ती बाहेर पडून निळी पेटते. बर्नर नीट तापला नसेल तर वाफेऐवजी रॉकेलच बाहेर येतं आणि पिवळी ज्वाळा हातभर वर जाते. निपलात काजळी अडकली की पिन मारायची. ती पिन आयत्या वेळी कधीच सापडायची नाही, हा सगळ्या घरांचा अनुभव असावा.

वातीचा स्टोव्ह त्यापेक्षा गरीब स्वभावाचा. दाब नाही, आवाज नाही, पण वारा लागला की भांडं काळंकुट्ट आणि पोह्यांना रॉकेलचा वास.

हे दोन्ही प्रकार घेऊन आम्ही अकोल्याहून मुलींना नरनाळ्याला नेत असू. मुक्काम पायथ्याच्या शहानूरला. एका जानेवारीत बत्तीस मुली होत्या आणि डोंगरावरून असं वारं सुटलं की एकही स्टोव्ह धड पेटेना. गावातली एक म्हातारी बराच वेळ आमची गंमत बघत उभी होती. शेवटी म्हणाली, "बाई, हा इस्टो इथं नाई चालत. वारं पाहा किती हाय! चर खंदा." तिनंच जागा दाखवली. वाऱ्याच्या दिशेनं लांबट चर खणला, दीड वीत खोल, आणि रुंदी भांड्याच्या बुडापेक्षा कमी. एका टोकानं वारा आत शिरतो, दुसऱ्या टोकानं धूर निघतो, आणि वर ओळीनं तीन पातेली बसतात. खाली पऱ्हाट्या आणि तुराट्या. गाईडच्या परीक्षेत दोन काड्यांत चूल पेटवायची असते. त्या दिवशी ती एका काडीत पेटली. ज्या वाऱ्यानं स्टोव्ह विझत होता त्याच वाऱ्यावर बत्तीस जणींचं वरण शिजलं.

पण म्हणून पुण्याच्या मंडळींनी फोटोतली ती घडीची लाकडाची शेगडी घेऊन चिखलदऱ्याला यावं, असं मी म्हणणार नाही. तो काळ वेगळा होता आणि ती जागाही गावालगतची, मोकळ्या रानातली होती. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या नऊंत आपला मेळघाट आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय विस्तव करायला १९२७ च्या वन कायद्यानं बंदी आहे, आणि अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तर वणव्याचा हंगामच धरतात. सागाची पानं गळून गुडघाभर पाचोळा साचतो आणि मोहफुलं वेचायला झाडाखाली लावलेली आगसुद्धा डोंगरभर पसरते. डिसेंबरात धोका कमी, पण गवत तेव्हाही वाळलेलंच असतं. शिवाय वाटेत सरपण गोळा करू म्हणाल, तर ते जंगलातून उचलायचं नाही. कोरकू बायका डोक्यावर मोळ्या वाहून संसार करतात तिथं आपण गंमत म्हणून लाकूड जाळावं, हे मला तरी पटत नाही. असो.

रॉकेलचं म्हणाल तर तो प्रश्न आपोआपच मिटला आहे. रेशनच्या दुकानापुढची ती डबे मांडलेली रांग आता दिसत नाही. घरोघर गॅस आला, २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून खेड्यातही आला. तेव्हा तो पितळी स्टोव्ह घेतलात तर तो दिवाणखान्यातच शोभेल.

राहिला तिसरा फोटो, तळहातावर मावेल एवढा बर्नर, गॅसच्या छोट्या डबीवर स्क्रूनं बसवायचा. सुबक आहे, मला आवडला. पण नऊ माणसांना? आम्ही हिशोब केला (भाषेच्या बाईंनी गणित केलं म्हणून हसू नका, गणिताच्या बाईंकडून तपासून घेतलं आहे!). लिटरभर पाणी उकळायला, अर्धी उष्णता वाया जाते असं धरलं, तर साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो. वाऱ्यात जास्तच. म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या डबीत पंधरा लिटर. दोन दिवसांचा नऊ जणांचा चहाच सहा लिटर होतो, वर दोन वेळचं वरण-भात-भाजी. चार डब्या तरी हव्यात. त्यातही त्या चिमुकल्या बर्नरवर नऊ माणसांचा कुकर म्हणजे काडीवर हंडा! बूड अरुंद, भांडं रुंद, आणि कोणाचा तरी पाय लागणारच.

आणखी एक. साध्या ब्युटेनची डबी थंडीत मंदावते, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रवाचा वायू व्हायचा थांबतो. चिखलदऱ्याची डिसेंबरातली पहाट काही शून्यावर जात नाही, पण ज्वाळा रोडावण्याइतका गारठा नक्की असतो. प्रोपेन मिसळलेली डबी घेतली तर बरी. आणि वारा अडवायला त्या बर्नरभोवती चारी बाजूंनी पत्रा लावायचा नाही. उष्णता कोंडून खालची डबीच तापते, आणि तापलेली डबी फुटते. आडोसा करायचा तो एकाच बाजूनं, आणि जरा लांब.

या डब्या रेल्वेतून आणता येत नाहीत हेही तिच्या गावी नव्हतं. १९८९ च्या रेल्वे कायद्यात ज्वालाग्राही माल नेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पुणे-अमरावती गाडीत बसताना बर्नर खुशाल आणा, गॅस इथं घ्यायचा.

म्हणून माझं उत्तर चौथंच होतं. पाच किलोचा छोटा सिलेंडर. इंडियन ऑइलनं २०२० मध्ये त्याला 'छोटू' असं नाव दिलं, ओळखपत्र दाखवून मिळतो. सोबत वेगळी बुटकी शेगडी, नवी नळी आणि रेग्युलेटर. जीपमध्ये उभा बांधून न्यायचा, काच थोडी उघडी ठेवून. बाजारात सिलेंडरच्या डोक्यावरच बर्नर बसवलेली एक जात मिळते आणि गल्लीतलं दुकान मोठ्या सिलेंडरमधून त्यात किलोवर गॅस पलटी करून देतं. ती स्वस्त पडते, पण बेकायदा आहे आणि कधी गळेल त्याचा नेम नाही. त्याला हात लावायचा नाही, हे मी तिला जरा मास्तरणीच्या आवाजात सांगितलं.

आणि कुकर न्यायचाच. चिखलदरा १,११८ मीटर उंच, तिथं पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. चार अंशांनी काय होतं असं वाटेल, पण उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवून बघा. नऊ भुकेली माणसं आणि टणक डाळ यांच्यामध्ये मी उभी राहिलेली आहे.

आता तो तिसरा प्रश्न. स्टोव्हजवळ कोण बसणार?

माझ्या तरुणपणी 'स्टोव्हनं गेली' असं म्हणायचे. जसं 'तापानं गेली', तसं. आमच्या गल्लीतली एक नवी सून १९८० च्या सुमारास अशी गेली. सकाळी दळण घेऊन जाताना मला बघून हसली होती. संध्याकाळी कळलं, भडका उडाला. वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या, तशा त्या काळी दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या येत. स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकींना विचारायचो, हे भडके सुनांनाच कसे ओळखतात? सासूच्या, नणंदेच्या, नवऱ्याच्या हातात स्टोव्ह कधी भडकत कसा नाही? १९८३ मध्ये ४९८-अ कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब आलं, तेव्हा कुठं कायद्यानंही हा प्रश्न विचारला. त्या सुनेचं खरं काय झालं ते तिच्याबरोबर गेलं. तिच्या आईनं पुढे घरात स्टोव्ह ठेवला नाही, गॅसचा नंबर लागेपर्यंत चुलीवरच केलं.

आणि काही भडके खरेही असत. स्टोव्ह जमिनीवर, बाई उकिडवी, अंगावर तेव्हाच्या फॅशनची नायलॉनची साडी, पदर मोकळा, मांडीशी मूल. बिचाऱ्या स्टोव्हची एक पिन चुकायचा अवकाश!

म्हणून माझ्या शिबिरात स्टोव्हपाशी एकच मुलगी असे. तिचं नाव सकाळी फळ्यावर लिहिलेलं. केस बांधलेले, ओढणी कमरेला गुंडाळलेली, बाजूला वाळूची बादली. ती उठली तर स्टोव्ह बंद करूनच उठणार. मुलींना हे फार जाचक वाटायचं आणि मी त्यांची नावडती होते. चालायचंच.

आज पदर गेला, पण ही मुलं घालतात ती जाकिटं पॉलिस्टरची आणि तंबू नायलॉनचा. नायलॉन नुसतं जळत नाही, वितळून अंगाला चिकटतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर उडून जात नाही, तळाशी साचतो. आणि तळ शिवलेला तंबू म्हणजे बशीच. थंडी वाजते म्हणून शेगडी आत घेऊन चेन लावून झोपणं तर त्याहून वाईट. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस जागाच होत नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीच्या बातम्या येतात. तेव्हा तंबूत काहीही पेटवायचं नाही, चहासुद्धा नाही, पाऊस आला तरी नाही. थंडीला जाडजूड गोधडी न्या, माझ्याकडे चार आहेत. आणि रोज एकाचं नाव ठरवा. तो माणूस शुद्धीवर असला पाहिजे, कळलं ना! हे ऐकून ती फोनवर एवढी हसली की मला जे कळायचं ते कळलं.

परतवाड्याच्या पहिल्या रात्रीसाठी मात्र कुठलाच स्टोव्ह लागणार नाही. शेतमालकाला मी फोन केला आहे. गोवऱ्या त्यांच्याकडच्याच आहेत. रोडगे करायचे! जाडसर कणीक, पदर सुटेल असे गोळे, आणि गोवऱ्यांची ज्वाळा पूर्ण बसून लालभडक इस्तो झाला की त्यात पुरायचे. ज्वाळेवर रोडगा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो, म्हणून घाई करायची नाही. कपड्यानं राख झटकायची, फोडायचा, तुपात बुडवायचा, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. २० डिसेंबरनंतर आले तर जवळच बहिरमची यात्रा भरलेली असेल, तिथंही हेच मिळतं, पण स्वतः भाजलेल्या रोडग्याची गोष्ट वेगळी.

जागा मी निवडून ठेवायला सांगितली आहे. कडब्याच्या गंजीपासून आणि उभ्या तुरीपासून लांब, गवत खरवडलेली जमीन, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. गोवरीचा इस्तो राखेखाली रात्रभर जिवंत राहतो. झोपण्याआधी पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं. मग राखेजवळ हात नेऊन बघायचा. धग लागली तर तिसरी बादली.