काट्यावर नॉर्मल, रक्तात नाही

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण एडिसन-इझलिनकडच्या आपल्या माणसांसाठी आहे, तेव्हा वाचाच.

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राला गेल्या महिन्यात डायबेटिस निघाला. वय ३९, अंगानं सडपातळ, पोट तेवढं जरासं सुटलेलं. दर वर्षी तपासणीला जायचा आणि 'वजन उत्तम' ऐकून परत यायचा. बीएमआय २४, म्हणजे २५च्या आत, म्हणून साखर कुणी बघितलीच नाही. तळपायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा कुठे रक्त काढलं. एचबीएवनसी ८.४. गावाकडून त्याची आई फोनवर एकच म्हणत होती, "अरे, पण तू जाड कुठे आहेस?"

याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडतं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काटा एकच आकडा दाखवतो, पण आतला हिशोब वेगळा. आपल्यात स्नायू कमी, चरबी जास्त, आणि ती पोटात साठते. मग इन्सुलिनचं काम नीट होत नाही.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०१५ सालीच सांगितलंय की आशियाई वंशाच्या माणसाची तपासणी २५ नव्हे, २३पासून करा. १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस ६७ किलोला २३ ओलांडतो. २५ गाठायला त्याला ७२च्या पुढे जावं लागतं. या मधल्या पाच किलोंत आपली किती माणसं बसतात बघा. शिफारस कागदावर आहे, पण पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये डॉक्टरला ती आठवेलच असं नाही. आपणच म्हणायचं, "मी साउथ एशियन आहे, एचबीएवनसी करा." ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर म्हणजे डायबेटिस. कंबरही मोजा: पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८०, त्यापुढे सावध.

आता कुणीतरी म्हणेल, भात सोडा. सगळा दोष भाताच्या माथी मारू नका हो. इथे दूध आणायलाही गाडी लागते. रात्री अकराला भारतातले कॉल, त्यानंतर जेवण. आणि हे फक्त आयटीवाल्यांचं दुखणं नाही. ग्रोसरी स्टोअरमध्ये, गॅस स्टेशनवर बारा बारा तास उभं राहणाऱ्यांचं काय? अनेकांकडे इन्शुरन्सच नाही. आपलाही लेऑफ झाला की नोकरीबरोबर इन्शुरन्स जातोच. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा गोळ्या बॅगेतून आणतात आणि शेवटच्या महिन्यात पुरवून पुरवून खातात. त्यांना 'मन मारा' सांगून काय होणार?

पण हातात काहीच नाही असंही नाही. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २००२ साली आला: उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढं लक्ष्य ठेवलं, तर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. भात निम्मा, उसळ दुप्पट आणि जेवल्यावर एक चक्कर, इथून सुरुवात होते.

आता मंडळाच्या कमिटीला जाहीर विनंती. गणपतीत साउंड सिस्टीमवर खर्च करतोच ना आपण? यंदा मोदकांच्या टेबलाशेजारी साखर तपासणीचंही एक टेबल लावू. आपल्यातले डॉक्टर आणि नर्स आहेतच. किचनमध्ये राबणारे, पार्किंग सांभाळणारे, पाहुणे आलेले आई-बाबा, सगळ्यांना तिथे बसवू. ज्याचा आकडा जास्त येईल आणि इन्शुरन्स नसेल, त्याला उत्पन्न बघून फी घेणाऱ्या कम्युनिटी हेल्थ सेंटरचा पत्ता लिहून देऊ.

दोन तास द्यायची तयारी असेल तर मला मेसेज करा. यादी मी करतेय.