ती हसत नाही का?

एकविसाव्या वर्षी मी एक एकांकिका लिहिली. वडील घर सोडून गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि एकांकिकेत तेच होतं: मागे राहिलेली बायको आणि नवऱ्याला घेऊन गेलेली ती दुसरी. त्या बाईला मी तोवर एकदाही भेटले नव्हते, तरी तिच्या तोंडी पानंच्या पानं विष घातलं. स्पर्धेत पहिल्याच फेरीत आम्ही बाद झालो. खापर मी परीक्षकांवर फोडलं.

आई प्रयोगाला आली होती. परतताना रिक्षात तिने एवढंच विचारलं, "ती बाई कधी हसत नाही का गं?"

मला फार राग आला. हिला स्वतःच्या अपमानाचीही चाड नाही, असं मी त्या रात्री डायरीत लिहिलं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

पुढे काही वर्षांनी मामेभावाकडे न्यू जर्सीला राहिले होते. एका रात्री टीव्हीवर 'दीज ओल्ड ब्रॉड्स' लागला. २००१ साली एबीसी वाहिनीसाठी केलेला चित्रपट. शर्ली मॅक्लेन, डेबी रेनॉल्ड्स आणि जोन कॉलिन्स या उतारवयातल्या तीन नट्या. त्यांचा साठच्या दशकातला सिनेमा पुन्हा गाजू लागतो आणि एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या तिघींना एकत्र आणायचा घाट घातला जातो. एलिझाबेथ टेलर त्यात त्यांची एजंट आहे. मी बसले ती डेबीसाठी. 'सिंगिन इन द रेन'मध्ये एकोणीस वर्षांची असताना नाचलेली ती मुलगी म्हातारी कशी दिसते, एवढंच कुतूहल होतं.

सिनेमा काही थोर नाही. बरेच विनोद ओढूनताणून आणलेले आहेत. पण एका प्रसंगात टेलर आणि डेबी समोरासमोर येतात आणि एकीने पळवलेल्या दुसरीच्या नवऱ्याचा विषय निघतो. भाऊ सहज म्हणाला, "अगं, हे त्यांच्या आयुष्यात खरंच झालंय."

त्या दोघी एमजीएम स्टुडिओतल्या, मुलीपणापासूनच्या मैत्रिणी. मार्च १९५८ मध्ये टेलरचा नवरा माइक टॉड विमान अपघातात गेला, तेव्हा डेबीने तिची मुलं स्वतःच्या घरी आणून सांभाळली. डेबीचा नवरा, गायक एडी फिशर, हा टॉडचा जिवलग मित्र; नुकत्याच जन्मलेल्या मुलाला त्यांनी टॉडचंच नाव दिलं होतं. तोच एडी टेलरचं सांत्वन करता करता तिचा झाला. १९५९ मध्ये डेबीशी घटस्फोट आणि त्याच वर्षी टेलरशी लग्न. तेही १९६४ पर्यंतच टिकलं. घटस्फोटाच्या वेळी डेबीची लेक जेमतेम दोन वर्षांची होती. तिचं नाव कॅरी फिशर. 'स्टार वॉर्स'मधली राजकन्या लेया म्हणून जग तिला ओळखतं.

आणि मी पाहत होते तो चित्रपट एलेन पोपच्या जोडीने लिहिला होता त्या कॅरीनेच.

मला त्या रात्री झोप लागली नाही. जिच्यापायी वडील गेले, तिच्यासाठी लेकीने संवाद लिहिले, आणि तिला शोभतील असे लिहिले. आईला तिच्यासमोर बसवलं आणि दोघींनाही हसायला जागा ठेवली. टेलरची ती पडद्यावरची शेवटची भूमिका ठरली. मी कॅरीला कधी भेटले नाही, पत्रही लिहिलं नाही. पण आईने रिक्षात काय विचारलं होतं, ते मला तिच्यामुळे कळलं.

घरी परतल्यावर एकांकिका बाहेर काढली. तीनदा नव्याने लिहायला घेतली, तीनदा अडले. ती बाई हसते कशी, हे मला ठाऊकच नव्हतं. तिचा फोन आला की मी न बोलता खाली ठेवत आले होते. त्यानंतर मात्र तसं केलं नाही. बोलणं फारसं व्हायचं नाही. ती वडिलांची तब्येत सांगायची आणि मी ऐकून घ्यायचे.

वडील गेले. दिवसवार झाल्यावर एका दुपारी ती आमच्या घरी आली. दारात चपला काढून तिथेच थांबली. आईने हाताला धरून तिला पलंगावर बसवलं. मी चहा टाकायला आत गेले.

बराच वेळ बाहेर काही ऐकू येईना. मग आईचा आवाज आला, "शेवटी शेवटी चहात साखर घ्यायचे का हो?"

"चोरून. दोन-दोन चमचे."

"माझ्याकडे असतानाही डबा लपवावा लागायचा."

आणि ती हसली. बारीक, तुटक, तोंडावर पदर धरून. मागोमाग आईही.

मी ट्रे हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चहावर साय धरली, तरी बाहेर गेले नाही.