मौजेचे खाते

काटकसर हा शब्द उच्चारताच मुलांचे चेहरे उतरतात, असा बहुतेक घरांचा अनुभव असतो. आमच्या घरच्या जमाखर्चाच्या वहीत मात्र वाणसामान, दूध, वीज, शाळेचे शुल्क आणि औषधोपचार यांच्या जोडीने ‘मौज’ असे एक स्वतंत्र खाते पुष्कळ वर्षांपासून चालत आले आहे. महिनाअखेरीस उरेल त्यात मौज करू, असे म्हणणाऱ्यांपाशी महिनाअखेरीस काही उरत नाही. म्हणून वेतन हाती येताच या खात्यात पाचशे रुपये मांडावयाचे, ते संपले की पुढील महिन्याची वाट पाहावयाची आणि उरले तर शिल्लक पुढे ओढावयाची, असा आमचा शिरस्ता आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरेच. परंतु त्या अंथरुणात घरातील प्रत्येकाचा वाटा असावा, एवढेच आमचे म्हणणे.

पाचशे रुपयांत काय होते, असे वाचक विचारतील. उज्जैनीत पुष्कळ होते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत जीर्णोद्धार झालेली वेधशाळा येथे आहे. तेथील सम्राट यंत्रावर सावलीने वेळ पाहावी आणि मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहावी, हा आमच्या मुलांचा आवडता खेळ. प्रमाणवेळेचे रेखांश ८२° ३०′, उज्जैनचे सुमारे ७५° ४६′ आणि दर अंशाला चार मिनिटे. म्हणजे सूर्याची वेळ घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे, त्यात ऋतुमानाप्रमाणे थोडा फरक. ज्या नगरीवरून प्राचीन ज्योतिर्विद रेखांश मोजीत, तीच आज घड्याळाच्या मागे, याचे मुलांना मोठे हसू येई. कर्कवृत्त जवळच असल्यामुळे २१ जूनच्या सुमारास, आभाळ स्वच्छ असेल तर, साडेबाराच्या आसपास शंकूची सावली काही क्षण नाहीशी होते. त्या क्षणासाठी उन्हात तिष्ठत उभे राहण्याची गंमत विकत घेऊ म्हटले तरी मिळणार नाही.

श्रावणाची तर आमच्याकडे चंगळच. येथील श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि आपला पंधरा दिवस मागाहून संपतो. त्यामुळे मराठी घरात दीड महिना श्रावण आणि सोमवारी महाकालाची सवारी! वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री महाकालाची पालखी बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेल्या गोपाळ मंदिरात जाते. तेथे हराला तुळस आणि हरीला बेल वाहतात. खर्च म्हणाल तर वाटेतल्या गरम दुधाचा.

या खात्याची खरी कसोटी लागली ती वडिलांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर. कर्जाचे हप्ते तीन वर्षे फेडावयाचे होते. पाचशेचे दोनशे झाले. खाते मात्र पुसले नाही. त्याच सुमारास वर्गातील मैत्रिणी सिमल्याला जाऊन आल्या आणि आमच्या कन्येने जेवताना विचारले, “बाबा, आपण गरीब आहोत का?” सौभाग्यवतींचा हात वाढता वाढता थांबला. जेवणे झाल्यावर आम्ही वही तिच्यापुढे ठेवली. वेतन, हप्ता, औषधे, सारे तिने दोन वेळा वाचले आणि म्हणाली, “मौजेचा हिशेब यापुढे मी लिहीन.”

तिने तो आमच्याहून कडकपणे लिहिला. भाऊ कुल्फी मागू लागला की ती आधी शिल्लक पाही. कार्तिकात कालिदास समारोह आला. १९५८ पासून येथे भरणाऱ्या या समारोहाला आमचे वडील पूर्वी पायी जात. आता त्यांना घराबाहेर पडणेही कठीण झाले होते. कन्येने चार महिन्यांची शिल्लक मोजली, रिक्षा ठरविली आणि आजोबांना नाटकाला नेले. परतल्यावर तिने वहीत लिहिले: ‘आजोबांची रिक्षा, जाऊन-येऊन, १६० रुपये.’ ही रक्कम औषधोपचारात घालावी, असे आम्ही सुचविले. ती म्हणाली, “आजोबा नाटकाला गेले होते, दवाखान्यात नव्हे.” नोंद मौजेतच राहिली. पलीकडच्या खोलीत वडील हसल्याचे आम्हांला ऐकू आले. त्या वर्षात ते फारसे हसले नव्हते.

हप्ते केव्हाच फिटले. वडील आता नाहीत. २०२२ साली महाकाल लोक खुले झाल्यापासून पाहुणे बारमाही येऊ लागले आहेत आणि त्यांच्यासाठी वहीत आणखी एक खाते उघडावे लागले आहे. कन्या नोकरीनिमित्त परगावी असते. पहिल्या पगाराच्या दिवशी तिने दूरध्वनीवरून आपल्या नव्या वहीतील खाती आम्हांला वाचून दाखविली. घरभाडे पहिले होते, मौज दुसरी.

आपण ज्या गावी असाल, तेथेही एखादी नदी, एखादा घाट, एखादी जत्रा असेलच. येत्या पाडव्याला नवी वही घालाल, तेव्हा तिच्यासाठी एक पान राखून ठेवावे.