टिटवीचे घर

वैशाखाचे ऊन नांगरलेल्या रानावर रणरणत असते. अशा वेळी बांधाने जाणाऱ्याच्या डोक्यावर अकस्मात ‘टिटिव् टिटिव्’ असा आक्रोश सुरू होतो. टिटवीच ती! डोळ्यांपुढे तांबडी गाठ, काळा गळा, लांब पिवळे पाय. तिचे घरटे म्हणजे ढेकळांमधला एक उथळ खळगा. त्यात बहुधा चार अंडी. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. पायाशी असूनही दिसू नयेत, अशी निसर्गाची योजना!

छायाचित्रकाराला ती दिसली, की आणखी दोन पावले पुढे जाण्याचा मोह त्याला होतो. परंतु टिटवी अंड्यांवर बसते, ती केवळ ऊब देण्यासाठी नव्हे. उन्हाळ्यात तिचे अंग हीच त्यांची सावली. प्रसंगी पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती अंड्यांना गारवाही देते. माणूस जवळ उभा असेपर्यंत ती परतत नाही, आणि उघडी अंडी उन्हात भाजून निघतात. एका चित्राचे मोल चार जीवांनी द्यावे काय?

म्हणून जाणता छायाचित्रकार दुरूनच, बांधाआडून चित्र टिपतो. पक्षी बिचकला, तर रिकाम्या हातांनी मागे फिरतो. कित्येक शेतकरीही तसेच. वखरताना असा खळगा दिसला, की ते बैल किंचित वळवून तेवढी जागा सोडून देतात. हातभर जमीन वखरायची राहते खरी. परंतु काही दिवसांनी त्याच रानात चार इवली पिले आईमागे तुरुतुरु धावू लागतात.